अर्थाची चूक आधी

२ फेब्रुवारी, सोमवार

सर्जनबाईंनी तारीख दिली. सतरा. ताईचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. गाठ लहान आहे, वेळेवर सापडलीय, धोका टळेल, हे बाईंनी पुन्हापुन्हा सांगितलं. ताईने एवढंच विचारलं, "म्हणजे मी अजिबात बोलणार नाही?"

"या आवाजात नाही," बाई म्हणाल्या.

परत येताना मी फाइलमधले कागद पुन्हापुन्हा लावत होतो. ताईच म्हणाली, "तोंड काय पाडून बसलायस ठोंब्या? प्रुफं वाचायला आवाज लागत नाही. नोकरी शाबूत आहे माझी."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो; पुढचं सगळं तिने केलं. छापखान्यात प्रुफं तपासते, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते, जेवायला खाली येते. आणि मी? श्रवणयंत्रांचं दुकान. लोकांच्या कानांत आवाज घालण्यात जन्म चालला आणि सख्ख्या बहिणीचा आवाज चाललाय तर हात चोळत बसायचं?

चोळत बसणार नाही. तिचा आवाज साठवायचा. शब्द, वाक्यं, सगळं रेकॉर्ड करायचं आणि टॅब्लेटवर बटणं करायची. बटण दाबलं की ताईच्याच आवाजात शब्द ऐकू येईल. यंत्रं जुळवण्यापुरतं प्रोग्रॅमिंग मला येतं. म्हणजे, येतंच असं नाही. ओळख आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानामागची तपासणीची खोली आवाजबंद आहे, तिथेच रेकॉर्डिंग. मी कामाच्या शब्दांची यादी करून नेली होती: पाणी, दुखतंय, औषध, दिवा बंद कर, नर्सला बोलव. ताईने शाळेतल्या मुलीसारखे सगळे शब्द म्हटले. मग म्हणाली, "आता माझे घे."

तिचे म्हणजे काय, तर "हो का?", "मग?", "परत सांग ना", "छान झालंय", "असं कसं रे", "काहीतरीच!" मी म्हटलं, ताई, दिवस थोडे आहेत, कामाचं आधी होऊ दे. ती म्हणाली, "हेच माझं काम आहे." एकटं "मग?" तिने पाच वेगवेगळ्या सुरांत म्हटलं. मधूनमधून पाणी प्यायला थांबत होती, जरा जास्तच वेळ. घसा सुकत असणार.

हट्टी आहे. पण रेकॉर्डिंग सुरेख झालंय. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता, असं हेडफोन लावल्यावर वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

प्रोग्रॅम चालतो! फक्त दोन शब्दांच्या मध्ये ठेच लागल्यासारखी फट पडते. "मला... ... पाणी... ... दे." ताई म्हणाली, "तोवर तहान भागेल दुसऱ्या कुणाची तरी."

प्रोग्रॅमिंगवाल्यांचं एक चर्चास्थळ आहे, आपल्याच भाषेत. तिथे नाव नोंदवलं, अख्खा कोड चिकटवला आणि विचारलं, दोन आवाजांमधला हा खंड कसा घालवू? कशासाठी हवंय ते लिहिलं नाही. उगाच दयेची भीक नको.

८ फेब्रुवारी, रविवार

उत्तरं आली. आलीच म्हणायची.

पहिलं 'करवत' नावाच्या कुणाचं. शब्द तसेच्या तसे उतरवतो: "हा कोड आहे की भंगाराचं दुकान? अ१ पासून अ९२ पर्यंत नावं! असल्या माणसाच्या हाती बारशाचा पाळणा देऊ नये. एकच तुकडा चाळीस ठिकाणी चिकटवलाय. एका जागी बदल केलात की उरलेल्या ठिकाणी तोंडघशी पडाल. आधी हे आवरा, मग प्रश्न विचारा."

त्याच्याखाली झुंबड. एक म्हणतो ओळी आत सरकवायला चार जागा सोडाव्यात, दुसरा म्हणतो दोनच, तिसऱ्याने कंस कुठे बंद करावा यावर प्रवचन दिलं. मग चार जागावाले आणि दोन जागावाले एकमेकांच्या उरावर बसले. माझ्या खंडाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नवरानवरी राहिले बाजूला आणि वऱ्हाडी मानपानावरून भांडताहेत.

मी खिडकी बंद केली. कान इतके तापले होते की माझंच एखादं यंत्र लावलं असतं तर शिट्टी वाजली असती.

ताईला दाखवलं, म्हटलं ती चार शिव्या घालेल. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी कंसवाल्याचं प्रवचनसुद्धा. मग म्हणाली, "हा करवत बरोबर बोलतोय ना?"

"ताई!"

"वेळ चुकलीय त्याची. आणि जीभ. पण इतक्या लोकांत तुझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलंय ते त्या एकट्यानेच. ब्याण्णवपर्यंत मोजलंय बघ त्याने. बाकीचे पहिल्या ओळीवरच पाट मांडून बसलेत."

मला तिचं हे पटलं नाही. पण मग तिने स्वतःच्या कामाचं सांगितलं, ते लिहून ठेवतो. "लेखकाकडे प्रूफ परत पाठवताना मी आधी फक्त अर्थाच्या चुका दाखवते. नायक दुसऱ्या प्रकरणात मेला आणि पाचव्यात चहा पितोय, असलं. त्यासाठी मी लेखकाला झोपेतून उठवीन. वाक्य बोजड आहे, शब्द जुनाट आहे, हे मात्र तो सावरला की, आणि त्याने विचारलं तर. तेही एकदम सगळं नाही. अर्थाची चूक आधी, बाकी सवडीने. पान लाल करून टाकलं ना, की माणूस चूक बघत नाही, लाल रंग बघतो."

तीस वर्षं ती हे करतेय आणि मी तिला आज पहिल्यांदा विचारतोय.

वर जाताना जिन्यातून विचारलं, "तिथे नाव नोंदवायला काय लागतं रे?" म्हटलं काही नाही, एक टोपणनाव. तू कशाला त्या उकिरड्यावर जातेस? म्हणाली, सहज विचारलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

फट माझी मीच बुजवली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या पुढची-मागची शांतता कापून टाकली. हे तर माझ्याच धंद्यातलं काम. आता "मला पाणी दे" सलग येतं, तेही ताईच्या ठसक्यात. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून ऐकलं आणि खरंच पाणी घेऊन आली. टॅब्लेट बघून तिचे डोळे भरले. ग्लास माझ्या हातात देऊन आत गेली.

करवतला दाखवून द्यावंसं वाटलं. नकोच पण.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सकाळी. ताईने शेवटच्या फेरीत आणखी वाक्यं म्हटली. मी ती घाईघाईने यादीत मध्येच घुसवली. चालवून बघितलं, पाच-सहा बटणं बरोबर वाजली. ताई म्हणाली, सगळी बघ. म्हटलं, बघितल्यासारखीच आहेत.

हॉस्पिटलला निघताना तिने आपल्या एका मैत्रिणीला फोन लावला, काहीतरी सांगितलं, मग पुन्हा लावला, मग छापखान्यात, मग जुन्या शेजारणीला. अशी फोनवर बोलत बसणारी नाही ती. फोनचे पैसे वसूल करायचे असतील, असं मी म्हटलं तर ही माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मी टॅब्लेट चार्जिंगला लावायला उठलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. सर्जनबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि हसल्या. बस. आज एवढंच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहून टाकतो.

ताई आज उशीला टेकून बसली. मी मोठ्या दिमाखात टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला. नर्स सलाईन बघायला आली. ताईने "दुखतंय" दाबलं.

टॅब्लेट म्हणाला, "छान झालंय!" ताईच्याच आवाजात, अगदी कौतुकाने.

नर्स खूश. "अरे वा, मावशी!" म्हणाली आणि निघून गेली. ताईने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ताई ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती, कपाळावर घाम. मी नर्सच्या मागे पळालो. औषध मिळालं, पण तेवढा वेळ ती दुखणं घेऊन बसली होती आणि माझं यंत्र तिच्या वतीने कौतुक करत होतं.

मी तिथेच दुरुस्त करायला बसलो. "दुखतंय" ठीक केलं तर "पाणी" म्हणायला लागलं "दिवा बंद कर". "पाणी" सुधारलं तर "नर्सला बोलव" म्हणालं "काहीतरीच!" सोमवारी घाईत जे घुसवलं त्याने यादी एका ठिकाणी सरकली, दुसऱ्या ठिकाणी नाही, तिसरीकडे अर्धीच. आणि अ१७ म्हणजे काय, अ७१ म्हणजे काय, हे मला, ज्याने लिहिलं त्याला, सांगता येईना.

एका जागी बदल केलात की उरलेल्या ठिकाणी तोंडघशी पडाल. कुणी म्हटलं होतं ते माहीत आहे. त्याच्या दारात पुन्हा जाणार नाही. ताईला तसं सांगूनही टाकलं. तिने डोळे फिरवले. भुलीचा अंमल अजून असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून ताई टॅब्लेटवर काहीतरी टाइप करतेय. दोन बोटांनी, पण सारखं. शब्दकोडी सोडवत असेल म्हणून मी मध्ये पडलो नाही. मन रमतंय हे काय थोडं आहे?

दुपारी खाली जेवून आलो तर चर्चास्थळावर निरोप. करवतचा! खाजगीत, चारचौघांत नाही. "कोड आत्ता जसा आहे तसा पाठवा. आवरू नका, लाजू नका. ताईंच्या दुखण्याचं बटण आधी लावून घेऊ."

याला कसं कळलं? प्रश्न विचारताना मी ताईचं लिहिलं असणार. लिहिलं नव्हतं असं वाटत होतं, पण त्या दिवशी डोकं कुठे ठिकाणावर होतं!

पाठवला. वाटलं, आता पुन्हा बारशापासून सुरुवात. पण नाही. नावांबद्दल चकार शब्द नाही. माझ्याच त्या भंगारात तो उतरला, माझ्याच अ१७ आणि अ७१ ला त्याच नावांनी हाका मारत. "अ१७ दाबल्यावर काय ऐकू येतं? बरं. अ१८? बरं." मी बटण दाबायचो, ऐकायचो, लिहायचो. यादी तीन जागी सरकली होती. त्याने तिन्ही शोधून काढल्या. एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. आणि त्याने सांगितलं होतं! त्याच्या जागी मी असतो तर पोटातलं ओठावर आलंच असतं.

शेवटी लिहिलं, "आता सगळी बटणं एकदा दाबून बघा. सगळी." दाबली. खाटेवर बसून ताईने प्रत्येकाला मान डोलावली.

मी आभार मानले आणि विचारलं, माझ्या लिहिण्याबद्दल बोला ना आता. त्याचं उत्तर: "आज नाही. अर्थाची चूक आधी, बाकी सवडीने."

अक्षरशः ताईचं वाक्य! ताईला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, हुशार माणसं एकसारखाच विचार करतात. ताईने "हो का?" दाबलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ताईला चार दिवसांत घरी सोडणार. नाकातली नळी निघायची आहे अजून, श्वासही आता कायमचा गळ्यावर केलेल्या छिद्रातून, पण खोलीभर तिचा आवाज असतो. नर्सा कामं टाकून येतात आणि आपल्या घरच्या तक्रारी सांगत बसतात. ताई "मग?" दाबते. कोणत्या सुरातलं दाबायचं ते तिला नेमकं कळतं. "पाणी" दिवसातून दोनदा. "हो का?" आणि "मग?" यांचा हिशेब नाही. कामाचे शब्द कोणते हे ठरवणारा मी कोण लागून गेलो होतो?

८ मार्च, रविवार

आता सवड आहे, म्हणून करवतला निरोप टाकला: बोला, ऐकायला बसलोय.

त्याने आधी स्वतःचंच सांगितलं. लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम तपासणं हे त्याचं काम. "तिथे गबाळं लिखाण दिसलं आणि मी भिडेखातर गप्प बसलो, तर लिफ्ट एखाद्या दिवशी मजल्याच्या मध्ये उभी राहील. तिथे बोलायचा मला पगार मिळतो, आणि समोरचाही माझं बोलणं ऐकायचं हे ठरवूनच आलेला असतो. तुम्ही मात्र दारावर पत्ता विचारायला आला होतात. मी पत्ता सोडून तुमच्या कपड्यांबद्दल बोललो."

काय माणूस आहे! एवढं स्वच्छ कबूल करणं आमच्या धंद्यात मी कुणाचं ऐकलं नाही, मी स्वतः तर नाहीच.

मग विचारलं, "दुकानात यंत्रांच्या डब्यांवर काय लिहिता?"

"उजवा की डावा, आणि गिऱ्हाइकाचं आडनाव."

"अ१, अ२ नाही लिहीत?"

"वेड लागलंय का? एकाचं दुसऱ्याच्या कानात जाईल."

पुढे त्याने काही लिहिलंच नाही. मी एकटाच पडद्यासमोर बसून हसत होतो.

१५ मार्च, रविवार

आठवडाभर रोज रात्री दुकान बंद केल्यावर हेच चाललंय. प्रत्येक आवाज ऐकायचा आणि त्याला नाव द्यायचं. पाच "मग?" होते. आता ते आहेत: मग_उत्सुक, मग_कंटाळा, मग_काळजी, मग_चेष्टा आणि मग_पुढेबोल. करवत रोज एकच गोष्ट सांगतो, जास्त नाही. काल सांगितलं ते चिकटवलेल्या चाळीस तुकड्यांचं. ते एकाच जागी आले. पानंच्या पानं गळून पडली. प्रोग्रॅम तेच करतो, पण आता मला माझंच लिहिलेलं वाचता येतं. मी म्हटलं, सुंदर दिसतंय. त्याने लिहिलं, "दिसण्यासाठी नाही. तुमच्या नंतर जो हात लावेल त्याच्यासाठी."

हात लावणारी आमच्या घरातच निघाली. आज ताईने टॅब्लेट माझ्याकडून ओढून घेतला, यादी उघडली, नावं वाचली आणि माझी काहीही मदत न घेता दोन जुने आवाज जोडून एक नवं बटण केलं. नवे शब्द आता यायचे नाहीत. पण आहेत त्यांतून तिची नवी वाक्यं होऊ शकतात. दाबून बघितलं: "असं कसं रे, परत सांग ना!"

हिने टाळ्या वाजवल्या. मी प्रोग्रॅममध्ये काही चुकलंय का ते तपासायचं निमित्त करून मान खाली घातली.

२२ मार्च, रविवार

आजची मजा लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

चर्चास्थळावर 'लिंबूटिंबू' नावाच्या कुणी नवख्याने प्रश्न विचारलाय. पोहण्याच्या वर्गाची हजेरी मोजायचा प्रोग्रॅम. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलेली मुलं गैरहजर दाखवतो. कोड बघितला. माझा परवडला. नावं क, कक, ककक! कोंबड्या पाळल्यासारखी. माझी बोटं इतकी शिवशिवली की विचारू नका.

तेवढ्यात करवतचा निरोप. त्याने उत्तर लिहून ठेवलं होतं, टाकण्याआधी मी वाचावं म्हणत होता. मी! त्याचं! दोनदा वाचलं. आधी त्या शेवटच्या दिवसाचं उत्तर, साध्या शब्दांत: मोजणी एक दिवस आधीच थांबते, ही ओळ अशी करा. मग: "परंतू हे आधी चालू द्या. तुम्ही दिलेल्या नावांबद्दल मला एक सुचलंय, ते हवं असेल तेव्हा विचारा." बस. आधीच्या करवतीचा एक दातसुद्धा नाही, आणि तरी सांगायचं काही गिळलेलंही नाही.

ताई शेजारीच बसून प्रुफं बघत होती. परवापासून छापखाना घरी पाठवतोय. तिला म्हटलं, तुझ्या नजरेखालून जाऊ दे. तिने वाचलं, एका ठिकाणी नजर जरा थांबली, मग मान हलवली: ठीक आहे, पाठवा. करवतला तसं कळवलं. त्याने उत्तर टाकलं.

लिंबूटिंबूचं उत्तर पाच-दहा मिनिटांत. "चाललं! चाललं! सगळी मुलं हजर! खूप खूप आभार. नावांबद्दल नक्की सांगा, मला शिकायचंय. आणि राग येणार नसेल तर मीपण एक सांगू का? तुमचा 'परंतु' चुकलाय. तु ऱ्हस्व."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. करवतीला ऱ्हस्वदीर्घ शिकवणारा लिंबूटिंबू! आता काय होतंय?

 मग करवतचं उत्तर: "बरोबर. दुरुस्त केलं. आता तुमची नावं घेऊ या?"

मी ताईकडे वळलो. "तुला दिसला नव्हता? तीस वर्षं प्रुफं तपासतेस आणि हा दीर्घ 'तू' तुझ्या डोळ्यांखालून गेला?"

ताईने माझ्याकडे बघितलं, 'अरे, दिसला की' अशी भुवई उडवली आणि तिचे खांदे हलायला लागले. आधी थोडे, मग जोरात. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, हातातली प्रुफं गळून खाली पसरली. आवाज काहीच नाही. फक्त गळ्यावरच्या त्या छिद्रातून भसाभसा श्वास.

ही आतून धावत आली. "काय झालं? ताईंना त्रास होतोय का?"

हसणं आम्ही रेकॉर्ड केलंच नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्रास नाही गं," मी म्हटलं, "हसतेय ती."